डेकामेरॉन आणि महामारीनंतरचं सावरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या वाचनगटाने चौदाव्या शतकातलं इटालियन साहित्य वाचायला घेतलं. तेव्हा वेळ घालवायला घेतलं होतं, पण नंतर सुटलं नाही. तेव्हापासून लोक तेच तेच प्रश्न पाठवत असतात, कधी कुतूहलाने तर कधी चिडून. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत.

१. मध्ययुगीन इटालियन म्हणजे दान्तेच ना? तो महामारीबद्दल काय सांगतो?

काहीच नाही. दान्ते १३२१ मध्ये गेला आणि प्लेगची मोठी साथ इटलीत पसरली १३४८ मध्ये. इथे मुख्य पुस्तक आहे जोव्हान्नी बोकाच्चोचं ‘डेकामेरॉन’, साधारण १३४९ ते १३५३ या काळात लिहिलेलं. सोबत वाचायच्या तीन गोष्टी: फ्लॉरेन्सच्या व्हिल्लानी घराण्याची बखर, कवी पेट्रार्कची पत्रं आणि शतकाच्या शेवटाकडे फ्रांको साक्केत्तीने लिहिलेल्या छोट्या कथा. वेळ कमी असेल तर फक्त डेकामेरॉनची प्रस्तावना वाचा. ती एका संध्याकाळी होते.

२. डेकामेरॉनमध्ये आहे तरी काय?

ग्रीकमध्ये ‘देका’ म्हणजे दहा आणि ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. साथीने उजाड होत चाललेल्या फ्लॉरेन्समध्ये एका मंगळवारी सकाळी सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये सात तरुणी भेटतात. थोड्या वेळाने तिथे तीन तरुण येतात. दुसऱ्या दिवशी ही दहा जणं नोकरचाकरांसह शहराबाहेर दोन मैलांवरच्या एका वाड्यात जातात. तिथे रोज दहा अशा दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात आणि पंधराव्या दिवशी शहरात परततात. पुस्तकाचा सांगाडा एवढाच. लोकांना आठवतात त्या गोष्टी. पण सावरण्याबद्दल जे काही शिकायचं ते मला या सांगाड्यातच जास्त सापडतं.

३. त्या साथीचं वर्णन खरं मानायचं का?

मानायचं, पण डोळे उघडे ठेवून. जांघेत किंवा काखेत अंड्याएवढ्या, सफरचंदाएवढ्या गाठी, मग अंगावर काळे डाग आणि बहुतेकांना तिसऱ्या दिवसाच्या आत मरण, ही लक्षणं ब्यूबॉनिक प्लेगची म्हणून ओळखू येतात. आकडे मात्र जपून घ्या. मार्च ते जुलैमध्ये शहराच्या तटाच्या आत लाखावर माणसं मेली असं बोकाच्चो लिहितो. साथीआधी शहराची सगळी वस्तीच जेमतेम तेवढी होती. इतिहासकारांच्या मते निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त माणसं गेली. हा आकडाही डोकं सुन्न करणारा आहे.

वर्णनातला काही भाग आठव्या शतकातल्या पाउलुस डायाकोनुस या इतिहासकाराच्या लिखाणावर बेतलेला आहे. तरी काही तपशील वाचताना अंगावर येतात. मेलेल्या एका गरिबाच्या चिंध्या रस्त्यावर टाकलेल्या आहेत. दोन डुकरं येतात, आधी नाकाने हुंगतात, मग दातांत धरून झटकतात. थोड्या वेळाने गरगर फिरून त्याच चिंध्यांवर मरून पडतात. बोकाच्चो म्हणतो की हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाच विश्वास बसला नसता.

दुसरी जागा शेतावरची आहे. मालक मेलेत, गोठे सताड उघडे आहेत, गुरं दिवसभर मोकाट चरतात आणि संध्याकाळी कोणी न हाकता आपापल्या गोठ्यात परत येतात.

४. म्हणजे तो तेव्हा फ्लॉरेन्समध्येच होता?

तो तसं म्हणतो, पण अभ्यासकांत यावर एकमत नाही. त्याच्या घरावर मात्र घाला पडलाच. सावत्र आई साथीत गेली आणि वडीलही त्यानंतर लवकरच गेले. पस्तिशीच्या मुलाच्या गळ्यात घराचा कारभार पडला. वडील बार्दी या बड्या पेढीच्या नोकरीत होते, आणि ती पेढी साथीच्या आधीच बुडाली होती. पेरुत्सी ही दुसरी बडी पेढी बुडाली १३४३ मध्ये, पाठोपाठ बार्दी, मग १३४६-४७ चा दुष्काळ, आणि त्यावर साथ. ‘साथीच्या आधी सगळं छान चाललं होतं’ असं निदान त्या शहराला तरी म्हणता आलं नसतं.

५. श्रीमंत पोरं शहर सोडून पळाली आणि मजा करत बसली. यात शिकण्यासारखं काय आहे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि राग रास्तच आहे. पण बोकाच्चोने पळणाऱ्यांना मोकळं सोडलेलं नाही. प्रस्तावनेत तो लोकांच्या चार तऱ्हा सांगतो. काहींनी दारं बंद करून मोजकं खाल्लं-प्यायलं आणि बाहेरच्या कोणाचा शब्दही कानावर येऊ दिला नाही. काही या दारूच्या गुत्त्यातून त्या गुत्त्यात नाचत राहिले. काही मधला मार्ग धरून फुलं नि सुगंधी वनस्पती नाकाशी धरून फिरले. आणि काहींनी शहर, घर, आप्त सगळं टाकून गाव गाठलं. कोणत्याही तऱ्हेतले सगळे मेले नाहीत आणि सगळे वाचलेही नाहीत, असा शेरा तो शेवटी मारतो.

पांपिनेआ ही सातजणींतली सर्वांत मोठी. निघण्याआधी ती बाकीच्यांना सांगते की आपण कोणाला टाकून जात नाही. आपली माणसं एकतर मेलीत, नाहीतर आपल्यालाच टाकून गेलीत. हे पटवून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला ते अर्धंच पटतं. त्यांच्या सोबत गेलेल्या नोकरांचा मुद्दा उरतोच, तो प्रश्न १२ मध्ये पाहा.

६. वाड्यात गेल्यावर ते नेमकं काय करतात?

मला विचाराल तर पुस्तकाचा गाभा इथे आहे. पोचल्या पोचल्या पांपिनेआ म्हणते की ज्याला काही शिस्त नाही ते फार टिकत नाही, तेव्हा आपल्यात कोणीतरी प्रमुख हवा. पण तो रोज बदलायचा, म्हणजे जबाबदारीचं ओझं आणि मानाचं सुख दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येईल. राजा किंवा राणी म्हणून निवडलेल्याच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट चढतो. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच्या डोक्यावर.

शहरात काय चाललं होतं ते लक्षात घेतलं की याचं महत्त्व कळतं. कायद्याचे रखवालदार मेले किंवा आजारी पडले, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते करायची मुभा होती. त्या पार्श्वभूमीवर ही दहा जणं सुरुवात करतात ती कारभारापासून. घरव्यवस्था कोणाकडे, खरेदी आणि हिशोब कोणाकडे, स्वयंपाक कोणाकडे, खोल्या कोणाकडे, हे पहिल्याच सकाळी नावानिशी ठरतं.

मग दिवस आखला जातो. सकाळी लवकर उठून फिरणं, उन्हं चढायच्या आत जेवण, थोडं गाणं-नाचणं, दुपारची झोप. दुपार कलली की सावलीत गवतावर गोल करून गोष्टी, मग पुन्हा फेरफटका, रात्रीचं जेवण आणि झोपण्याआधी एक गाणं. शुक्रवारी गोष्टी बंद, कारण तो ख्रिस्ताच्या यातनांचा दिवस. शनिवारही बंद, कारण त्या दिवशी बायका न्हातात, केस धुतात आणि मरियेसाठी उपास धरतात. म्हणून दहा दिवसांच्या गोष्टींना दोन आठवडे लागतात. साथ असो नसो, केस धुवायचा वार ठरलेला.

आणि गोष्टीच का? बुद्धिबळाचे पट तिथे मांडलेले होतेच. पांपिनेआ म्हणते, खेळात एक जण हरतो, त्याचं मन खट्टू होतं, आणि बघणाऱ्यालाही फारसं काही मिळत नाही. गोष्ट एक सांगतो आणि ऐकणारे सगळेच सुखावतात. आधीच सगळं हरून आलेल्या माणसांपुढे आणखी हार-जीत ठेवायची नाही, हे तिला बरोबर कळलेलं आहे.

७. बाहेरच्या बातम्या आणायच्या नाहीत असा नियम होता म्हणे. हे म्हणजे वाळूत डोकं खुपसणंच नाही का?

नियम होता. कुठेही जा, काहीही पाहा-ऐका, पण आनंदाची सोडून बाहेरची कोणतीही बातमी आत आणू नका, असं नोकरांना बजावलेलं आहे. मुळात तिथे शब्द आहे ‘नोव्हेल्ला’. त्याचा अर्थ बातमी, आणि गोष्टही. एक नोव्हेल्ला दाराबाहेर ठेवायची आणि दुसरी रोज दहा वेळा सांगायची. बोकाच्चोने हा खेळ मुद्दाम मांडला असणार.

त्या काळच्या वैद्यकातही हे बसत होतं. शोक, भीती आणि राग यांनी शरीरातल्या द्रवांचा तोल ढळतो आणि माणूस साथीला लवकर बळी पडतो, असं मानलं जाई. तोम्माझो देल गार्बो या फ्लॉरेन्सच्या नामांकित वैद्याने प्लेगपासून जपण्यासाठी जो सल्ला लिहून ठेवला, त्यात मरणाचा विचार करत बसू नका, आवडत्या माणसांत बसा, गाणी आणि गोष्टी ऐका, असं आहे. म्हणजे गोष्टी हा पथ्याचाच भाग होता. द्रवांचा सिद्धांत आज कोणी मानत नाही. पण रात्री दीडला मृतांचे आकडे पुन्हा पुन्हा उघडून पाहणाऱ्या माझ्यासारखीला हा नियम तेव्हा ऐकायला मिळाला असता तर बरं झालं असतं.

फरक इतकाच, की त्यांनी बातमी बंद केली ती सगळं डोळ्यांनी पाहून झाल्यावर. गोष्टींच्या आधी प्रस्तावना येते आणि ती टाळता येत नाही. उंच खडतर डोंगर चढल्यावरच पुढचं सुंदर मैदान दिसतं, असा दाखला बोकाच्चो स्वतः देतो.

८. या लोकांना दुःख होत नाही का? कोणी रडताना दिसत नाही.

उघड रडताना फार दिसत नाहीत, हे खरं. पण दुःखाला त्यांनी एक दिवस दिलेला आहे. चौथ्या दिवशी फिलोस्त्रातो राजा होतो आणि विषय देतो शोकांत प्रेमाचा. बाकीच्यांना तो विषय आवडत नाही, पण मुकुट त्याचा म्हणून सगळे पाळतात.

त्या दिवसातली लिझाबेत्ताची गोष्ट वाचा. मेस्सिनामधल्या तीन व्यापारी भावांची ही बहीण. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे त्याला भाऊ गुपचूप मारून पुरतात. तो स्वप्नात येऊन जागा सांगतो. ती जाऊन त्याचं डोकं आणते, कुंडीत ठेवते, वर बॅझिल लावते आणि रोज त्यावर रडते. शेजाऱ्यांच्या डोळ्यावर येतं, भाऊ कुंडी काढून घेतात, ती कुंडी मागत मागत मरते. साथीत ज्यांना आपल्या माणसाला शेवटचं हातही लावता आला नाही, त्यांनी ही गोष्ट कशी ऐकली असेल याचा विचार करा. त्या वर्षी प्रेतं खंदकात जहाजातल्या मालासारखी थरावर थर रचली जात होती. मार्किओन्ने स्तेफानी या दुसऱ्या बखरकाराला तर ते थर पाहून लझान्यात चीज घालतात ते आठवलं.

आणि पाचव्या दिवशी लगेच विषय बदलतो: संकटातून पार पडून सुखी झालेले प्रेमिक. शोक एक दिवस, तोही मधोमध.

९. सावरण्याची म्हणता येईल अशी एखादी गोष्ट सांगा.

दुसऱ्या दिवसातली चौथी, लांदोल्फो रुफोलोची. रावेल्लोचा हा श्रीमंत व्यापारी संपत्ती दुप्पट करायच्या नादात सगळी पुंजी घालून सायप्रसला माल नेतो. तिथे तोच माल घेऊन आधीच इतर जहाजं आलेली. कवडीमोलाने विकावं लागतं. मग जहाज विकून तो चाचेगिरी करतो, गेलेलं सगळं वसूल करतो, आणि घरी परतताना जेनोआचे लोक त्यालाच लुटतात. वादळात त्यांचंही जहाज फुटतं. लांदोल्फो एका पेटीला कवटाळून तरंगत राहतो, स्पंजासारखा भिजून कोर्फूच्या किनाऱ्याला लागतो.

किनाऱ्यावर एक गरीब बाई वाळूने आणि खाऱ्या पाण्याने भांडी घासत बसलेली असते. पाण्यातून काहीतरी विचित्र येताना पाहून आधी ओरडून मागे सरते. मग हात दिसतात, चेहरा दिसतो. ती केसाला धरून त्याला बाहेर ओढते, पेटी मुलीच्या डोक्यावर देते, आणि त्याला घरी नेऊन लहान मुलासारखं ऊन पाण्याने चोळून काढते, थोडी वाइन आणि गोडधोड देते. तो उभा राहू लागल्यावर म्हणते, ही तुझी पेटी, आता तुझं तू बघ.

पेटीत रत्नं निघतात. तो ती चिंध्यांत बांधतो, रिकामी पेटी तिला देतो आणि बदल्यात एक पिशवी मागून घेतो. घरी पोचल्यावर तो कोर्फूला तिच्यासाठी भरपूर पैसे पाठवतो, वाटेत त्रानीत ज्यांनी कपडे आणि घोडा दिला त्यांनाही पाठवतो, आणि व्यापार कायमचा सोडून देतो. लोक रत्नं लक्षात ठेवतात. मला ती भांडी घासणारी बाई आठवते, कारण ती आधी घाबरली होती. लागण होईल म्हणून भाऊ भावाला आणि आई-बाप पोराला टाकून गेले, असं प्रस्तावनेत वाचून आलेल्या वाचकाला तिचं पुढे येणं जास्त ठळक दिसतं.

१०. इतक्या चावट कथा कशाला?

काही आहेत, सगळ्या नाहीत. साथीमुळे लाज सुटली म्हणून त्या आल्या असं सोपं उत्तर दिलं जातं, पण असे किस्से इटलीत आणि फ्रान्समध्ये आधीपासून चालत होते. सांगणारी दहाही जणं प्रत्यक्षात एकमेकांशी सभ्यपणे वागतात, हेही बोकाच्चो आवर्जून नोंदवतो. तोंडाने सैल, वागण्यात चोख. म्हातारपणी त्यालाच थोडा संकोच वाटू लागला आणि एका मित्राला त्याने कळवलं की घरातल्या बायकांना हे वाचू देऊ नको. मूळ पुस्तक त्याने बायकांनाच अर्पण केलं होतं.

११. साथ संपली म्हणून ते परत आले का?

नाही, आणि हे बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. साथ ओसरल्याचं पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. दहाव्या दिवसाच्या शेवटी त्या दिवसाचा राजा पांफिलो परतायचं सुचवतो. त्याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर मुकुट येऊन गेला. फार काळ राहिलो तर कंटाळा येईल, लोक नावं ठेवतील. शिवाय आसपास आपला बोलबाला झालाय, आणखी लोक सामील झाले तर मजा जाईल. सगळे मान्य करतात. दुसऱ्या दिवशी सांता मारिया नोव्हेल्लापाशी तिघे तरुण सातजणींचा निरोप घेतात आणि जो तो आपापल्या वाटेने जातो. मिठ्या नाहीत, भाषण नाही.

सगळं सुरक्षित झालं की बाहेर पडू, असं ते म्हणत नाहीत. प्रत्येकाची पाळी होऊन गेली, की परततात.

मधल्या काळात साथ त्यांच्या पाठीवर आहेच. नवव्या दिवशी सकाळी ते रानात जातात तेव्हा हरणं त्यांना घाबरत नाहीत, कारण साथीमुळे शिकारी फिरकलेले नाहीत. डोक्यावर ओकच्या पानांच्या माळा आणि हातात फुलं घेऊन परतताना कोणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, यांना मरण एकतर हरवणार नाही, नाहीतर हसतानाच गाठेल.

१२. आणि नोकर? त्यांचं कोणी काही विचारतच नाही.

चार मोलकरणी आणि तीन नोकर, सगळ्यांना नावं आहेत, पण एकही गोष्ट त्यांच्या वाट्याला येत नाही. फक्त सहाव्या दिवशी स्वयंपाकघरातून भांडण ऐकू येतं. लिचिस्का आणि तिंदारो यांना बोलावून घेतलं जातं. शेजारच्या नवऱ्या मुली लग्नाच्या वेळी किती कोऱ्या असतात यावर त्यांचा वाद असतो, आणि लिचिस्का मालकांसमोर एवढी तोंड सोडते की बायकांची हसून हसून पुरेवाट. निवाडा तिच्या बाजूने लागतो, पुढच्या दिवसाचा विषय तिच्या बडबडीतून निघतो. आणि तिला गप्प बसून कामाला लाग, नाहीतर फटके मिळतील, असंही बजावलं जातं.

वेळेवर पडणारं जेवण, स्वच्छ चादरी, थंड वाइन या सगळ्यावर दहा जणांचं सावरणं उभं आहे आणि ते कोण करतंय हे लेखक लपवत नाही. त्याबद्दल त्याला फार वाईट वाटतं असंही दिसत नाही.

१३. साथ संपल्यावर समाज सुधारला का?

गोष्टीत हवं तसं होतं, बखरीत नाही. जोव्हान्नी व्हिल्लानी साथीबद्दल लिहीत होता आणि ‘ही साथ अमुकपर्यंत टिकली’ या वाक्यात तारखेसाठी त्याने जागा कोरी सोडली. ती तशीच राहिली. तो स्वतःच १३४८ मध्ये साथीने गेला. भाऊ माट्टेओने बखर पुढे नेली.

माट्टेओ लिहितो की वाचलेली माणसं नम्र होतील, पापापासून दूर राहतील असं वाटलं होतं, झालं उलटंच. माणसं कमी झाली म्हणून स्वस्ताई येईल असं वाटलं होतं, झाली महागाई. वारसाहक्काचे खटले माजले. मोलकरणी आणि मजूर दुप्पट-तिप्पट मागू लागले, याचा तर त्याला भलताच राग आहे. अर्थात हा पगार देणाऱ्याचा राग आहे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात काही पडत होतं.

मरणाऱ्यांनी गरिबांसाठी ओर्सान्मिकेले या धर्मादाय संस्थेला किती दिलं? माट्टेओचा आकडा आहे साडेतीन लाख फ्लोरिन, म्हणजे तिथली सोन्याची नाणी. पण ज्यांच्यासाठी दिलं त्यांतले बरेचसे तोवर मेले होते. आज ओर्सान्मिकेलेत गेलात तर ओर्कान्या या शिल्पकाराने घडवलेला संगमरवरी देव्हारा दिसतो, १३५९ मध्ये पुरा झालेला, डोळे दिपतील असा. तो याच ओघातला.

माट्टेओ १३६३ च्या साथीत गेला. मग मुलगा फिलिप्पोने लेखणी उचलली. प्लेग एकदा येऊन गेला नाही, तो परत परत येत राहिला, हे ‘साथीनंतर’ असा शब्द वापरताना ध्यानात ठेवावं.

१४. प्लेगमुळेच रेनेसान्स आला, हे खरं का?

इतक्या सरळ रेषेत नाही. पेट्रार्क आणि बोकाच्चो दोघंही साथीच्या आधीपासून प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या मागे होते. एवढं मात्र खरं, की मोडलेल्या फ्लॉरेन्सने १३४८ मध्येच विद्यापीठ काढलं, त्यात लोकांना शहराकडे ओढण्याचाही हेतू होता, आणि १३५१ मध्ये पेट्रार्कला तिथे शिकवायला बोलवायचं पत्र घेऊन पादुआला कोण गेलं, तर बोकाच्चो. पेट्रार्क आला नाही.

१५. गोष्टी-बिष्टी जमत नाहीत. एकट्याने दुःख काढणाऱ्यांसाठी काही आहे का?

पेट्रार्क. ज्या लाउरावर त्याने प्रेमकविता लिहिल्या, ती ६ एप्रिल १३४८ ला आव्हिन्यॉंमध्ये गेली. बातमी त्याला पार्मामध्ये १९ मे ला कळली. जी व्हर्जिलची प्रत तो रोज उघडायचा, तिच्यात त्याने ही नोंद करून ठेवली, म्हणजे ती सतत डोळ्यांपुढे येईल. ती प्रत आज मिलानमध्ये आहे. बातमी दाराबाहेर ठेवणाऱ्या पांपिनेआच्या (प्रश्न ७) हे बरोब्बर उलट.

त्याचा भाऊ गेरार्दो कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठात होता. पस्तीस जणांतला तो एकटा वाचला आणि आपल्या कुत्र्यासोबत मठ राखत बसला, सगळ्यांना स्वतः पुरून. भावी पिढ्या किती सुखी, त्यांना आमचं सांगणं दंतकथाच वाटेल, असं पेट्रार्कने एका पत्रात लिहिलं. २०२० मध्ये आमच्या गटात ते वाचून झाल्यावर बराच वेळ कोणीही माइक उघडला नाही.

१६. आपल्याकडच्या प्लेगशी याचा काही संबंध?

रोग तोच, जंतू तोच. १८९६ मध्ये मुंबईत आणि मग पुण्यात आलेली साथ त्याच येर्सिनिया पेस्टिसची होती. अंतर साडेपाच शतकांचं. मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञाने १८९७ च्या जानेवारीत लस आधी स्वतःला टोचून घेतली. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला रुग्णांची सेवा करताना प्लेगने गेल्या. बोकाच्चोच्या चार तऱ्हांत सावित्रीबाई कुठेच बसत नाहीत. थांबून सेवा करणारे थोडके लोक होते असं तो ओझरतं म्हणतो, पण त्यांच्यातल्या कोणाची गोष्ट सांगत नाही. पुस्तकातली सगळ्यात मोठी उणीव मला ही वाटते.

१७. गोष्टीत गोष्ट ही रीत आपल्याकडून तिकडे गेली ना?

बऱ्याच अंशी हो. पंचतंत्र अरबी ‘कलीला व दिम्ना’मधून फिरत तेराव्या शतकात इटलीत लॅटिनमध्ये उतरलं होतं. चौथ्या दिवसाच्या सुरुवातीला बोकाच्चो एका मुलाची गोष्ट सांगतो. बापाने त्याला जगापासून दूर डोंगरात वाढवलेलं असतं, आणि शहरात पहिल्यांदा बायका पाहून तो ‘हे काय?’ विचारतो. तिच्या मुळाशी बुद्धचरित्र आहे, ते ख्रिस्ती संतकथेच्या वेषात युरोपात पोचलं होतं. मात्र साथीची चौकट बोकाच्चोची स्वतःची. तिची नक्कल नंतर इटलीतच झाली. लुक्काच्या सेर्काम्बीने १३७४ च्या साथीतून निघालेल्यांच्या तोंडी गोष्टी घातल्या.

१८. सुरुवात कुठून करू? शंभर गोष्टी होणार नाहीत.

प्रस्तावना, मग लांदोल्फो (प्रश्न ९), लिझाबेत्ता (प्रश्न ८), पाचव्या दिवसातली फेदेरिगो आणि त्याच्या ससाण्याची, सहाव्या दिवसातली पाववाल्या चिस्तीची. मग जे हाताला लागेल ते. शेवटची ग्रिझेल्दाची गोष्ट इतक्यात वाचू नका. नवरा बायकोची सहनशक्ती वर्षानुवर्षं क्रूरपणे तपासतो आणि शेवटी सगळं गोड. ती सांगणारा, तिघा तरुणांतला दिओनेओच नवऱ्याच्या वागण्याला पशुपणा म्हणतो, तरी चरफडायला होतंच. इंग्रजी चालत असेल तर पेन आणि रिग यांची जुनी भाषांतरं मोफत मिळतात. वेन रेबहॉर्नचं २०१३ चं वाचायला सोपं आहे.

१९. बोकाच्चो स्वतः सावरला का?

त्याचं पुस्तक सुरूच होतं ते या वाक्याने, की दुःखितांविषयी कळवळा वाटणं हे माणूसपणाचं लक्षण आहे. लगेच तो सांगतो की मीही प्रेमात पोळलो होतो, एका मित्राच्या गप्पांनी वाचलो. पण पुढची वर्षं काही सरळ गेली नाहीत. १३६२ मध्ये एक निरोप्या त्याच्याकडे आला. एका साधूने मरताना भविष्य वर्तवलं होतं, की तुझे दिवस भरत आलेत, हे लिखाण सोड. बोकाच्चो इतका घाबरला की ग्रंथ विकून टाकायला निघाला. पेट्रार्कने त्याला लांबलचक पत्र लिहून समजावलं आणि शेवटी म्हटलं की विकायचेच असतील तर मला विक.

त्याने विकले नाहीत. १३७० च्या सुमारास, सत्तावन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्याने संपूर्ण डेकामेरॉन पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने उतरवून काढलं. मोठ्या आकाराचा चर्मपत्राचा ग्रंथ, विद्यापीठातल्या पाठ्यग्रंथासारखे दोन रकाने. जिथे वहीचा एक जुडगा संपतो, तिथे पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहायची पद्धत होती. त्या शब्दांभोवती त्याने आपल्या पात्रांचे चेहरे रेखाटले आहेत. काही पानं आज गहाळ आहेत. बाकीचा ग्रंथ बर्लिनच्या ग्रंथालयात आहे.